ख्रिसमसला गाणं पहिल्या नंबरवर आणायचं असेल तर

नाशिकहून एका वाचकांनी विचारलं आहे: "माझी भाची लीड्सला एका हॉस्पिटलात नर्स आहे. तिथल्या कर्मचाऱ्यांचा गाण्याचा ग्रुप एका दानसंस्थेसाठी गाणं रेकॉर्ड करतोय. ते ख्रिसमसला चार्टमध्ये पहिल्या नंबरवर आणायची मोहीम काढायची असं त्यांच्या मनात आहे. पूर्वी फेसबुकवरून लोकांनी असं करून दाखवलंय म्हणे. ते खरंच लोकांनी केलं, की मागे कंपन्याच होत्या? आता जमेल का? आणि आम्ही इथले नातेवाईक, ओळखीचे मिळून दोन-तीनशे जणांनी गाणं विकत घेतलं तर काही उपयोग होईल का?"

लंडनमध्ये राहून छोट्या कलाकारांची आणि गायनमंडळांची गाणी डाउनलोडच्या आणि स्ट्रीमिंगच्या साइटवर चढवायची, सीडी दुकानांत पोचवायच्या आणि त्यांची विक्री चार्टच्या, म्हणजे आठवड्यात कुठलं गाणं किती चाललं त्या यादीच्या, मोजणीत नीट धरली जातेय ना ते बघायचं, हे माझं बरीच वर्षं काम आहे. तुमच्या भाचीसारखे ग्रुप दरवर्षी सप्टेंबर-ऑक्टोबरात विचारायला येतात. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी सरळ उत्तर देतो. होय, ते लोकांनीच केलं. पण केवळ संख्येच्या किंवा रागाच्या जोरावर नव्हे. मोजणी कशी होते हे ज्यांना कळलं होतं त्यांनीच ते करून दाखवलं. त्यानंतर मोजणीची पद्धत बदलली आणि आज पहिला नंबर जवळजवळ हाताबाहेर गेला आहे. तरीही मोहीम काढू नका असं मी सांगणार नाही. कारण पुढे येईलच.

ब्रिटनमध्ये गाण्यांचा विक्रीवर आधारलेला पहिला चार्ट १४ नोव्हेंबर १९५२ ला एका संगीत साप्ताहिकात छापून आला. साप्ताहिकाच्या माणसाने वीसेक दुकानांना फोन करून काय खपलं ते विचारलं आणि यादी केली. त्याच वर्षीच्या डिसेंबरात रेडिओ सिलोनवर अमीन सायानींची बिनाका गीतमाला सुरू झाली, हा निव्वळ योगायोग, पण मला नेहमी गंमत वाटते. गीतमालेचे क्रमांक ठरवताना पुढे रेकॉर्डच्या विक्रीबरोबर गावोगावच्या श्रोता संघांची पत्रंही धरली जायची. ब्रिटिश चार्टने मात्र श्रोत्याचं पत्र कधीच मोजलं नाही. स्ट्रीमिंग धरायला लागेपर्यंत तरी ज्याने खिशातून पैसे काढले त्याचीच नोंद. पुढचं सगळं रामायण या एका फरकातून घडलं.

ख्रिसमसच्या आठवड्यातला पहिला नंबर हे त्या देशात वेगळंच प्रकरण आहे. खपाचा सगळ्यात मोठा हंगाम तोच. १९७३ मध्ये स्लेड आणि विझर्ड या दोन बँडनी मुद्दाम ख्रिसमसची गाणी काढून एकमेकांवर सोडली. स्लेड जिंकले, विझर्ड चौथ्या नंबरवर राहिले आणि ही शर्यत हा दरवर्षीचा रिवाज झाला. बुकी त्यावर सट्टा घेतात, बातम्यांत ते झळकतं, ज्याने वर्षभर एकही गाणं विकत घेतलं नाही तोही या आठवड्यात विचारतो, यंदा कोण? १९८४ मध्ये बँड एड या नावाने एकत्र आलेल्या गायकांनी इथिओपियाच्या दुष्काळासाठी केलेल्या गाण्याने त्याला आणखी एक वळण दिलं. २५ नोव्हेंबरला लंडनमध्ये रेकॉर्डिंग, डिसेंबरच्या सुरुवातीला गाणं बाजारात आणि तीस लाखांहून जास्त प्रती खपल्या. ख्रिसमसचं गाणं विकत घेणं म्हणजे दान देणं, ही कल्पना तिथून घराघरात रुजली.

इथे पाचगणीचा उल्लेख केल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. तिथल्या सेंट पीटर्स शाळेत शिकलेला फारोख बलसारा, म्हणजे फ्रेडी मर्क्युरी, त्याचं 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' १९७५ मध्ये ख्रिसमसला पहिलं होतं आणि २४ नोव्हेंबर १९९१ ला तो एड्सने गेल्यावर त्याच महिन्याभरात पुन्हा पहिलं आलं. त्या वेळचे पैसे एड्सग्रस्तांसाठी काम करणाऱ्या टेरेन्स हिगिन्स ट्रस्टला गेले. मोहीम वगैरे कुणी काढली नव्हती. लोकांना वाईट वाटलं आणि ते दुकानात गेले.

ठरवून केलेल्या खरेदीचं फेसबुकच्या आधीचं मोठं उदाहरण १९९९ चं, आणि ते मी प्रत्येक ग्रुपला सांगतो. क्लिफ रिचर्डने (हा लखनौला जन्मलेला) प्रभूची प्रार्थना एका जुन्या स्कॉटिश गाण्याच्या चालीवर बसवून 'द मिलेनियम प्रेयर' काढलं. त्याच्या नेहमीच्या कंपनीने ते काढायला नकार दिला, म्हणून दुसऱ्या छोट्या कंपनीकडून आलं. बऱ्याच रेडिओ केंद्रांनी वाजवलं नाही. तरी चर्चला जाणारी माणसं आणि त्याचे चाहते यांनी एकमेकांना सांगून ते विकत घेतलं आणि गाणं सलग तीन आठवडे पहिलं राहिलं. पण ऐन ख्रिसमसच्या आठवड्यात वेस्टलाइफ या गटाचं गाणं आलं आणि हे खाली गेलं. गाणं नोव्हेंबरात बाजारात आलं होतं. ज्यांना घ्यायचं होतं त्यांनी तोवर घेऊन टाकलं होतं. दहा लाख माणसं जमवूनही आठवडा चुकला तर ख्रिसमसचा नंबर हुकतो.

आता २००९. यावर जरा रेंगाळतो, कारण तुमच्या मनात असलेली फेसबुकची गोष्ट तीच आणि तिच्यातलं प्रत्येक पाऊल शिकण्यासारखं आहे.

'द एक्स फॅक्टर' ही टीव्हीवरची गाण्याची स्पर्धा डिसेंबरच्या मध्यावर संपायची आणि विजेत्याचं गाणं लगेच बाजारात यायचं. २००५ पासून २००८ पर्यंत सलग चार वर्षं ख्रिसमसचा पहिला नंबर त्याच विजेत्यांना मिळाला. शर्यत राहिलीच नव्हती. टीव्हीवर महिनोन्‌महिने एका चेहऱ्याशी लाखोंची ओळख करून द्यायची आणि बरोब्बर त्या आठवड्यात गाणं विकायचं. त्यापुढे इतरांचा निभाव कसा लागणार? २००८ ला विजेती अलेक्झांड्रा बर्क हिने लेनर्ड कोहेनचं 'हालेलुया' गायलं, तेव्हा चिडलेल्या रसिकांनी जेफ बकलीने पूर्वी गायलेलं तेच गाणं विकत घ्यायचा सपाटा लावला आणि ते दुसऱ्या नंबरपर्यंत नेलं. कोहेनच्या स्वतःच्या आवाजातलंही पहिल्या चाळीसांत आलं. एकच गाणं तीन आवाजांत एकाच चार्टमध्ये! पण पहिला नंबर स्पर्धेच्याच विजेतीला.

पुढच्या वर्षी एसेक्समधल्या जॉन आणि ट्रेसी मॉर्टर या जोडप्याने फेसबुकवर ग्रुप काढला. जॉनने आदल्या वर्षी रिक ॲस्टलीच्या गाण्यासाठी असाच एक प्रयत्न करून पाहिला होता आणि तो फसला होता. या वेळी गाणं निवडलं रेज अगेन्स्ट द मशीन या बँडचं 'किलिंग इन द नेम'. १९९२ चं, वंशद्वेषी पोलिसी सत्तेविरुद्धचं, शिव्यांनी भरलेलं, ख्रिसमसशी सुतराम संबंध नसलेलं. शेवटी गायक तीच एक ओळ पुन्हा पुन्हा ओरडतो: तू सांगशील ते मी करणार नाही. मोहिमेला हवं होतं ते नेमकं हेच. गाणं ऐकलं की कशासाठी विकत घ्यायचं हे वेगळं समजावून सांगावं लागत नव्हतं.

त्या वेळचे नियम त्यांच्या बाजूने होते, आणि ते त्यांना माहीत होते. २००७ च्या जानेवारीपर्यंत गाण्याची सीडी किंवा रेकॉर्ड दुकानात नसेल तर नुसतं डाउनलोड चार्टमध्ये धरलं जात नव्हतं. तो नियम गेला आणि जगातलं कुठलंही जुनं गाणं, कंपनीने बोटही न हलवता, चार्टमध्ये येऊ शकायला लागलं. ज्या गाण्याची एकही नवी प्रत छापलेली नाही ते फक्त लोकांच्या इच्छेवर वर जाऊ शकतं, ही सोय आधीच्या पन्नास वर्षांत नव्हती.

दुसरी गोष्ट आठवड्याची. तेव्हा चार्टचा आठवडा रविवारी सुरू होऊन शनिवारी संपायचा. मॉर्टर दांपत्याने लोकांना बजावून सांगितलं: १३ डिसेंबरच्या आधी घेऊ नका, १९ डिसेंबरच्या नंतर घेऊ नका. ग्रुपात सामील झालात म्हणून काही झालं नाही, त्या सात दिवसांत विकत घ्याल तेव्हाच तुमची मोजणी. माझ्या अनुभवात इथेच बहुतेक मोहिमा ढिल्या पडतात. फेसबुकवर दहा हजार माणसं हात वर करतात आणि विकत घेणारी निघतात काही शे. मॉर्टरांच्या ग्रुपात लाखो लोक होते, पण त्यांनी रोज उठून एकच काम केलं: तारीख, किंमत, कुठे मिळतं आणि आज आपण कुठे आहोत हे सांगणं. आठवड्याच्या मधले विक्रीचे अंदाज बाहेर येत होते आणि त्यावर लोक पुन्हा पेटून उठत होते.

समोर होता जो मॅकएल्डरी, अठरा वर्षांचा मुलगा, गाणं 'द क्लाइंब'. त्याची सीडी बुधवारी दुकानांत आली तशी सुरुवातीची आघाडी भराभर आटायला लागली. गुरुवारी बँडने बीबीसीच्या फाइव्ह लाइव्ह केंद्रावर गाणं थेट वाजवलं. शिव्या टाळा असं सांगितलेलं असूनही शेवटी त्या आल्याच आणि आवाज मध्येच बंद करून निवेदकांना माफी मागावी लागली. याहून चांगली जाहिरात विकत घेऊन मिळाली नसती. २० डिसेंबरच्या रविवारी निकाल लागला: रेज अगेन्स्ट द मशीन ५ लाख २ हजारांवर, मॅकएल्डरी ४ लाख ५० हजारांवर. नुसत्या डाउनलोडवर ख्रिसमसचा पहिला नंबर मिळवणारं ते पहिलं गाणं. मॅकएल्डरी पुढच्याच आठवड्यात पहिला आला, त्यामुळे त्या मुलाचं फार काही बिघडलं नाही याचं मला बरं वाटतं. स्पर्धेचे कर्तेधर्ते सायमन कॉवेल यांनी आधी मोहिमेवर टीका केली होती, हरल्यावर त्यांनी या जोडप्याचं अभिनंदन केलं.

तुमचा कंपन्यांबद्दलचा प्रश्न इथेच येतो. दोन्ही गाणी शेवटी सोनी या एकाच संगीत कंपनीच्या घरातली होती. लोक आजही म्हणतात, बघा, मूर्ख बनवलं, पैसे एकाच तिजोरीत गेले. मला हा आक्षेप पटत नाही. सोनीला बुडवायचं असं कुणी ठरवलंच नव्हतं. ख्रिसमसचा पहिला नंबर एका टीव्ही कार्यक्रमाच्या नावावर दरवर्षी आधीच लिहून ठेवलेला असू नये, एवढं म्हणायचं होतं, आणि ते पाच लाखांनी स्वतःच्या पैशाने म्हटलं. पैशाची सोय मॉर्टरांनी वेगळी केली होती, आणि मोहिमेतला सगळ्यात शहाणपणाचा निर्णय माझ्या मते तोच. बेघरांसाठी काम करणाऱ्या शेल्टर या संस्थेसाठी त्यांनी देणगीचं स्वतंत्र पान उघडलं: गाणं घ्या, आणि जमलं तर इथेही द्या. पुढे बँडने ६ जून २०१० ला लंडनच्या फिन्सबरी पार्कमध्ये फुकट मैफल केली, आपली रॉयल्टीही दिली आणि सगळं मिळून शेल्टरला दीड लाख पौंडांहून जास्त रक्कम पोचली.

वेगळं पान का, हे तुमच्या भाचीच्या ग्रुपने नीट समजून घ्यावं. समजा गाणं ९९ पेन्सला विकलं. त्यातले साडेसोळा पेन्स आधी व्हॅटमध्ये जातात, दर आता वीस टक्के आहे. उरलेल्यातून विकणाऱ्या साइटचा वाटा, तो साधारण तीस टक्के धरा. मग वितरकाचा. गाणं दुसऱ्याचं असेल तर मूळ गीतकार-संगीतकारांचा. हे सगळं जाऊन हातात निम्म्याच्या आसपास उरलं तरी नशीब समजा, आणि तेही महिन्यांनंतर. देणगीच्या पानावर दिलेला पौंड मात्र जवळजवळ अख्खा पोचतो. व्हॅटवरून तर १९८४ मध्ये बँड एड आणि थॅचर सरकारची चांगलीच जुंपली होती. सरकार कर सोडायला तयार नव्हतं, शेवटी दबावाखाली तेवढीच रक्कम देणगी म्हणून परत केली. पुढच्या काही धर्मादाय गाण्यांना सरकारने ही सूट दिली, पण ती मागून, पाठपुरावा करून मिळते. छोट्या ग्रुपने ती गृहीत धरू नये.

२००९ नंतर सगळ्यांनाच हुरूप आला. २०१० ला एका गटाने जॉन केजची '४ मिनिटं ३३ सेकंद' ही रचना घेतली. तिच्यात वादक काहीच वाजवत नाहीत, पूर्ण शांतता असते. दुसऱ्या गटाने ट्रॅशमेनचं 'सर्फिन बर्ड' हे साठच्या दशकातलं गाणं धरलं. आणखीही गट होते. 'सर्फिन बर्ड' तिसरं आलं, केजची शांतता एकविसाव्या नंबरवर थांबली आणि एक्स फॅक्टरचा मॅट कार्डल आरामात पहिला. चिडलेली माणसं तेवढीच, पण चार ठिकाणी वाटली गेलेली. २०११ ला निर्वाना या बँडच्या गाण्यासाठीची मोहीम अकराव्या नंबरपर्यंतच गेली. त्या वर्षी जिंकल्या मिलिटरी वाइव्ह्ज, म्हणजे अफगाणिस्तानात गेलेल्या सैनिकांच्या बायकांचं गायनमंडळ, गॅरेथ मलोन या गायनदिग्दर्शकाने बांधलेलं. 'यांना हरवा' हे कारण एकदाच चालतं. त्यापुढे लोकांना 'कुणासाठी' हे लागतं.

त्याचा सगळ्यात भक्कम पुरावा २०१२ चा. हिल्सबरो स्टेडियममध्ये १५ एप्रिल १९८९ ला चेंगराचेंगरीत लिव्हरपूलचे फुटबॉलप्रेमी मेले. बळींची संख्या आज ९७ धरली जाते. पोलिसांनी वर्षानुवर्षं दोष त्या प्रेक्षकांवरच टाकला. सप्टेंबर २०१२ मध्ये स्वतंत्र समितीचा अहवाल आला आणि खोटेपणा उघडा पडला. त्यानंतर कुटुंबांच्या कोर्टकचेरीच्या खर्चासाठी जस्टिस कलेक्टिव्ह या नावाने 'ही एन्ट हेवी, ही इज माय ब्रदर' नव्याने रेकॉर्ड झालं. पॉल मॅकार्टनीपासून रॉबी विल्यम्सपर्यंत बरेच जण त्यात गायले. ते ख्रिसमसला पहिलं आलं. लिव्हरपूलमध्ये ते गाणं घेणाऱ्या माणसाला आपण काय करतोय हे पूर्ण ठाऊक होतं. चार्टवरची जागा हे एका शहराने दिलेलं साक्षीपत्र ठरलं. अशा वेळी ही यादी मला फार मोलाची वाटते, आणि कुणी तिला पोरखेळ म्हटलं की राग येतो.

तुमच्या प्रश्नाला सगळ्यात जवळचं उदाहरण २०१५ चं. लुइशम आणि ग्रीनिच एनएचएस कॉयर, म्हणजे दक्षिण-पूर्व लंडनमधल्या सरकारी हॉस्पिटलांतले डॉक्टर, नर्स, थेरपिस्ट, कारकून यांचं गायनमंडळ. 'अ ब्रिज ओव्हर यू' हे त्यांचं गाणं आधीच रेकॉर्ड झालेलं होतं, दोन प्रसिद्ध गाणी एकात गुंफून केलेलं. त्या हिवाळ्यात ज्युनियर डॉक्टर आणि सरकार यांच्यात कराराचा वाद पेटला होता, आरोग्यसेवेबद्दल लोकांच्या मनात कळवळा होता. कुणीतरी ते जुनं रेकॉर्डिंग पुढे केलं आणि बघता बघता वणवा पेटला. स्पर्धेत जस्टिन बीबर होता, आणि त्याने स्वतःच आपल्या चाहत्यांना सांगितलं की या आठवड्यात कॉयरचं गाणं घ्या. कॉयर सुमारे तीस हजारांच्या फरकाने जिंकलं. पैसे धर्मादाय संस्थांना गेले.

पण लक्षात घ्या, तोवर जमीन हलायला लागली होती. २०१४ च्या जुलैपासून स्ट्रीमिंग चार्टमध्ये धरलं जात होतं, शंभर वेळा ऐकलं म्हणजे एक विक्री. २०१७ ला ते दीडशेला एक झालं. २०१८ पासून पैसे भरणाऱ्या ग्राहकाचं शंभराला एक आणि फुकट ऐकणाऱ्याचं सहाशेला एक. २०१५ च्या जुलैत आठवडाही बदलला, तो आता शुक्रवारी सुरू होऊन गुरुवारी संपतो.

याचा अर्थ हिशेबाने बघा. तुमच्या भाचीच्या मैत्रिणीने फुकटच्या ॲपवर रोज दहा वेळा, सातही दिवस गाणं लावलं तरी सत्तर वेळा होतं, एका विक्रीच्या आठव्या हिश्श्याच्या आत. तिने तेच गाणं एकदा विकत घेतलं तर पूर्ण एक. म्हणून मोहिमेचं हत्यार आजही विक्रीच आहे. दुसऱ्या बाजूला देशभरातल्या स्वयंपाकघरांत डिसेंबरभर ख्रिसमसची तयार गाणीमाला चालू असते. कुणी मुद्दाम काही निवडत नाही, व्हॅमचं 'लास्ट ख्रिसमस' आपोआप वाजतं, आणि ते कोट्यवधी वेळा वाजतं. १९८४ मध्ये बँड एडमुळे दुसऱ्या नंबरवर अडकलेलं हे गाणं २०२३ ला, म्हणजे ३९ वर्षांनी, ख्रिसमसचा पहिला नंबर झालं आणि २०२४ ला पुन्हा. व्हॅमचा गायक जॉर्ज मायकेल २०१६ च्या ख्रिसमसलाच गेला होता. त्यानंतरच्या वर्षी चाहत्यांनी त्याच्यासाठी जोर लावला, तेव्हा नंबर मिळाला नाही. पुढे लोकांच्या सवयीने तो दिला. चार्ट पूर्वी लोकांनी केलेली कृती मोजायचा, आता मुख्यतः सवय मोजतो. मला याचं दुःख आहे. सवयीला कारण नसतं, आणि कारण नसेल तर तो नंबर काही सांगत नाही.

मधल्या काळात एकच माणूस ही भिंत पुन्हा पुन्हा ओलांडू शकला. नॉटिंगहॅमचा मार्क हॉइल, लॅडबेबी या नावाने व्हिडिओ करणारा. २०१८ ते २०२२ सलग पाच वर्षं त्याने आणि त्याच्या बायकोने मुख्यतः सॉसेज रोलवरच्या विनोदी गाण्यांनी ख्रिसमसचा पहिला नंबर घेतला, बीटल्सचा चारचा विक्रम मोडला. पैसे मुख्यतः ट्रसेल ट्रस्टच्या अन्नपेढ्यांसाठी. बऱ्याच संगीतप्रेमींना ती गाणी सहन होत नाहीत. मलाही ती ऐकवत नाहीत. पण त्याच्याकडे स्वतःची लाखोंची माणसं होती, ती दरवर्षी त्या सात दिवसांत पैसे मोजून डाउनलोड घेत होती, आणि उपाशी घरांना अन्न देणाऱ्या संस्थेचं नाव दर डिसेंबरात पहिल्या पानावर येत होतं. काम म्हणून मी त्याला पैकीच्या पैकी गुण देतो.

२०२४ मध्ये पेन्शनरांचा हिवाळी इंधनभत्ता कापल्याच्या रागातून पंतप्रधान स्टार्मर यांच्यावरचं एक विडंबनगीत निघालं. डाउनलोडच्या यादीत ते अगदी वर होतं, बातम्यांत होतं, तरी मुख्य चार्टमध्ये पहिल्या तीसांतही आलं नाही. तुमच्या भाचीने मनात धरायचं उदाहरण हे. लोकांनी विकत घेतलं, पण विकत घेणाऱ्यांचं वजनच आता कमी झालं आहे.

म्हणून त्यांना माझं सांगणं असं. डोळ्यापुढे मुख्य चार्टचा पहिला नंबर ठेवू नका. विक्रीचा आणि डाउनलोडचा स्वतंत्र अधिकृत चार्टही निघतो, तिथे दोन-तीन हजार जिद्दी माणसं डोळ्यांत भरतात आणि स्थानिक वर्तमानपत्राला बातमी द्यायला तेवढं पुरतं. गाणं दुसऱ्याचं असेल आणि त्यात शब्द किंवा रचना बदलणार असाल, दोन गाणी गुंफणार असाल, तर मूळ प्रकाशकांची परवानगी लागते आणि ती यायला महिनेही लागतात. ऑगस्टात पत्रं गेली पाहिजेत. वितरकाकडे गाणं नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत द्यावं. आधी मागणी नोंदवून घेता येते आणि ती गाणं प्रसिद्ध होतं त्या आठवड्याच्या विक्रीत धरली जाते, म्हणून प्रसिद्धीचा शुक्रवार नेमका ख्रिसमस चार्टच्या आठवड्याचा ठेवा. तो चार्ट २५ डिसेंबरला किंवा त्याच्या आधीच्या शुक्रवारी जाहीर होतो, म्हणजे तुमचा आठवडा त्याच्या आदल्या शुक्रवारी सुरू होतो. कॅलेंडर घेऊन बसा, ही तारीख मी लोकांना हमखास चुकताना पाहतो.

एक बारीकशी, पण महत्त्वाची गोष्ट दुव्याची. लोकांना 'आमचं गाणं शोधा आणि घ्या' असं कधीही सांगू नका. साइटवर नाव टाकलं की त्याच गाण्याच्या पाच-पन्नास आवृत्त्या समोर येतात: मूळ गायकाची, कराओकेची, कुणा अनोळखी बँडची. मागे मी काम केलेल्या एका मंडळाच्या बऱ्याच मावश्या-काकांनी मोठ्या प्रेमाने कराओकेचीच आवृत्ती घेतली होती. ती विक्री तुमच्या नावावर येत नाही. एकच दुवा द्या, थेट तुमच्या गाण्याच्या पानाचा, आणि प्रत्येक संदेशात तोच. सोबत दुसरा दुवा देणगीच्या पानाचा.

घाऊक खरेदीचा विचारही करू नका. कुणीतरी उत्साही डॉक्टर म्हणतोच की मी एकटाच पाचशे प्रती घेतो. एकाच गिऱ्हाईकाने घाऊक घेतलेल्या प्रती मोजणीतून काढल्या जातात, आणि संशय आला तर सगळ्याच विक्रीकडे वाकड्या नजरेने बघितलं जातं. ते पाचशेंचे पैसे डॉक्टरांनी देणगीत टाकावेत. मोहिमेची सगळी इभ्रत एका माणसामागे एक खरेदी यावर उभी आहे. ती गेली तर घाऊक खरेदीने नंबर चढवायच्या कंपन्यांच्या जुन्या खटपटींत आणि तुमच्यात फरक उरत नाही.

आणि आता नाशिकच्या दोन-तीनशे मंडळींबद्दल. ब्रिटनच्या चार्टमध्ये ब्रिटनमधलीच विक्री आणि ब्रिटनमधलंच ऐकणं धरतात. नाशिकहून, पुण्याहून किंवा दुबईहून घेतलेलं गाणं त्यात येत नाही, आणि भारतातल्या खात्यावरून लावलेलं गाणं कितीही वेळा लावलं तरी नाही. परदेशी खातं काढून, पत्ता बदलून घ्यायचा मार्ग कुणी सुचवला तर ऐकू नका. तुमच्याकडून खरी मदत दोन प्रकारे होईल. एक, देणगीचं पान भारतातलं कार्ड स्वीकारतं का ते भाचीला आधीच विचारून ठेवा, बरीच स्वीकारतात. दुसरं, ब्रिटनमध्ये राहणारे तुमचे जेवढे ओळखीचे आहेत, कुणाचा मुलगा, कुणाची सून, शाळेतला जुना मित्र, त्यांची यादी आजच करा. लंडन, लेस्टर, मँचेस्टरच्या महाराष्ट्र मंडळांत ओळखी निघतील. त्यांना गणपतीतच एकदा सांगून ठेवा, आणि मग त्या शुक्रवारी सकाळी प्रत्येकाला वेगळा फोन करा. ग्रुपवर टाकलेला संदेश लोक वाचतात आणि पुढे सरकतात, मामांचा फोन आला की मात्र गाणं विकत घेतलं जातं.